पैसे परत, म्हणून गुन्हा माफ?

(वडपे, तालुका भिवंडी येथील बैठकीतील भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचन व चर्चेसाठी.)



विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून तुम्ही इतक्या लांब आलात. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग इथून जवळच आमणे येथे संपतो. २०२५ च्या जूनमध्ये त्याचा शेवटचा तुकडा खुला झाला. येताना तुम्ही पाहिले असेल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामेच गोदामे. एकेकाळी इथे भाताची खाचरे होती, आज पत्र्याची छपरे आहेत. आणि पलीकडे भिवंडीत यंत्रमाग आहेत. तुमच्या शेतातल्या कापसाचे सूत होते आणि त्या सुताचे कापड विणण्याचे काम या गावाने पिढ्यान्‌पिढ्या केले.

गोदामांच्या या गावात आज आपण बोलणार आहोत ते गोदामाच्या पावतीबद्दल, चुकाऱ्याच्या चिठ्ठीबद्दल आणि बँकेतल्या ठेवीबद्दल. म्हणजे विश्वासाच्या कागदाबद्दल. हा कागद खोटा निघाला, पोलिसात गुन्हा नोंदला गेला आणि मग आरोपीने काही रक्कम पुढे करून म्हटले, "घ्या आणि खटला मिटवा," तर मिटवावा काय? प्रश्न एवढाच आहे. पण त्याचे उत्तर आपण आपापल्या घरात एकेकट्याने देतो, आणि म्हणून दर वेळी हरतो.

गावातली तडजोड कशी होते

आमच्या भागात झालेली गोष्ट सांगतो. नावे घेत नाही. नावांची गरजही नाही, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाला ती आपल्याच गावची वाटेल.

खेडा खरेदीला एक व्यापारी आला. बाजारापेक्षा क्विंटलमागे शंभर रुपये जास्त देत होता. पहिल्या वर्षी चुकारा रोख, दुसऱ्या वर्षी आठ दिवसांनी. तिसऱ्या वर्षी गाड्या भरून कापूस गेला, हातात कच्च्या चिठ्ठ्या राहिल्या आणि माणूस पसार झाला. चाळीस घरे बुडाली. आम्ही सगळे ठाण्यावर बसलो, तेव्हा कुठे फिर्याद घेतली गेली. एकाच्या नावावर फिर्याद, बाकीचे साक्षीदार.

दीड वर्षाने व्यापाऱ्याचा नातेवाईक गावात आला. तो ग्रामपंचायतीत आला नाही, रात्री घरी आला. ज्याच्या नावावर फिर्याद त्याला पूर्ण पैसे, जे दोन-चार मोठ्याने बोलणारे त्यांना निम्मे. स्टँप पेपर तयारच होता. "आमचा वाद आपसात मिटला, आमची काही तक्रार नाही." फिर्यादीच्या घरी लग्न होते, त्याने सही केली. त्याला दोष कसा द्यायचा? पण उरलेल्या चौतीस घरांच्या हातात काय राहिले? त्याच चिठ्ठ्या. आणि दुसऱ्या हंगामात शेजारच्या तालुक्यात त्याच माणसाच्या भावाच्या नावाने नवी पेढी उघडली.

आता थोडा हिशेब करू. समजा एका शेतकऱ्याचा पंचवीस क्विंटल कापूस, भाव सात हजार. म्हणजे पावणेदोन लाख रुपये. ते आले नाहीत म्हणून त्याने तेवढेच पैसे गावातून शेकडा दोन रुपये महिन्याने उचलले. वर्षाला बेचाळीस हजार व्याज. तीन वर्षांत एक लाख सव्वीस हजार. तीन वर्षांनी तडजोडीत निम्मे मिळाले, साडेसत्याऐंशी हजार. मिळालेल्या रकमेपेक्षा व्याजच जास्त झाले. तिकडे व्यापाऱ्याने पावणेदोन लाख बिनव्याजी वापरले आणि निम्मे परत केले. वर गुन्हाही नाही. याला आम्ही तडजोड म्हणत नाही. हे शेतकऱ्याने चोराला दिलेले अनुदान आहे.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे दोन प्रकारचे दावे असतात. येणे वसूल करायचे तो दिवाणी. गुन्ह्याची शिक्षा व्हायची तो फौजदारी. दिवाणी दावा तुमचा. तुम्ही तो चालवा, मिटवा, सोडून द्या. फौजदारी खटला मात्र सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. तिथे तुमचे नाव फिर्यादी म्हणून असते, मालक म्हणून नसते. कारण ज्याने एकाला फसवले तो दुसऱ्यालाही फसवू शकतो, आणि त्या दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

तरीही कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत. जुने चारशेवीस कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ (४) झाले, त्यात फसवला गेलेला माणूस न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करू शकतो. अशी तडजोड मान्य झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो. हे नीट ध्यानात घ्या. तुम्ही निम्मे पैसे घेऊन सही करता तेव्हा फक्त शिक्षा सोडत नाही, त्या माणसाला कोऱ्या पाटीचा दाखला देता. पुढच्या गावाला तो माणूस ओळखू येत नाही.

ज्याच्यावर विश्वासाने मालमत्ता सोपवली तो बँकवाला, व्यापारी, दलाल किंवा सरकारी नोकर अफरातफर करील, तर ते जुने ४०९ कलम. त्यात तडजोडीची मुभाच नाही. फसवणुकीसाठी बनावट कागद केले, तर त्यातही नाही. पण तिथेही उच्च न्यायालयाकडे खटला रद्द करण्याचा खास अधिकार असतो आणि मोठे आरोपी तिकडे जातात.

या अधिकाराच्या मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने आखल्या. २०१२ साली ग्यान सिंग खटल्यात म्हटले गेले की व्यापारी, दिवाणी वळणाचे, घरगुती वाद खरोखर मिटले असतील तर उच्च न्यायालय खटला रद्द करू शकते, पण समाजावर परिणाम करणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत नाही. २०१४ साली आपल्या महाराष्ट्रातलाच विक्रम अनंतराय दोशी खटला वर गेला. बोगस पेढ्यांच्या नावाने बँकेकडून पतपत्रे घेतल्याचा आरोप होता. बँकेचे पैसे फिटले म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. बँकेने येणे नसल्याचा दाखला दिला म्हणून गुन्हा पुसला जात नाही, असा त्याचा अर्थ. २०१७ साली परबतभाई आहिर खटल्यात हीच रेघ पुन्हा ओढली गेली. दोन माणसांतल्या वादापलीकडे जाणारे आर्थिक गुन्हे वेगळ्या तराजूत तोलायचे.

म्हणजे तत्त्व आपल्या बाजूचे आहे. मग व्यवहारात काय होते?

गोदामातला माल

गोदामाच्या कागदाची सगळ्यात मोठी फसवणूक मुंबईत झाली. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज नावाचा मालबाजार होता. साखर, भात, एरंडी, लोकर, असा माल गोदामात आहे असे सांगून कागदावर सौदे होत. आज माल घ्या, दोन दिवसांत पैसे भरा. त्याच वेळी तोच माल पंचवीस दिवसांनी विकल्याचा दुसरा सौदा करा आणि मधला फरक कमवा. नाव मालाचे, धंदा व्याजाचा. ३१ जुलै २०१३ ला बाजार बंद पडला. सुमारे तेरा हजार लोकांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. माल उचलून नेलेल्या म्हणवणाऱ्या चोवीस पेढ्या थकबाकीदार निघाल्या. गोदामांची तपासणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी कागदावरचा माल जागेवर नव्हता.

गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या, जामीन झाले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त झाल्या. हा कायदा इथे लागतो की नाही यावरच २०२२ सालापर्यंत भांडण चालले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने लागतो असे सांगितले. त्यानंतर तडजोडीची योजना आली. ५,६८२ व्यापाऱ्यांना मिळून १,९५० कोटी रुपये द्यायचे आणि त्यांनी या एक्स्चेंजच्या मूळ कंपनीविरुद्धचे आपले दावे सोडून वसुलीचे हक्क तिच्याकडे सोपवायचे. देणेकऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी २०२५ मध्ये होकार दिला आणि त्याच वर्षी कंपनी न्यायाधिकरणाने योजना मंजूर केली.

बारा वर्षे थांबून निम्म्याहून कमी पैसे घेणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. त्यांचे येणे, त्यांचा निर्णय. आरोपींवरचे आरोप खरे की खोटे हे फौजदारी न्यायालयाने ठरवायचे आहे, आम्ही नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. या प्रकरणात बुडालेले तेवढेच लोक होते काय?

१९९०-९१ पासून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चालते. सुगीत भाव पडतो तेव्हा तूर, सोयाबीन, ज्वारी बाजार समितीच्या गोदामात ठेवायची, पावतीवर सहा टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि भाव आला की विकायचे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात भावासाठी थांबण्याचे जे थोडे बळ आहे ते या पावतीत आहे. आणि पावतीचे मोल कशात? कागद म्हणतो ते पोते खरोखर तिथे आहे, या विश्वासात. ज्या दिवशी बँकवाल्याला वाटू लागते की गोदामाचा कागद खोटाही असू शकतो, त्या दिवसापासून तो खऱ्या पावतीकडेही संशयाने पाहतो. त्या मालबाजारात एक रुपयाही न गुंतवलेल्या ज्वारीवाल्याचे हे नुकसान आहे. त्याला तडजोडीच्या बैठकीचे बोलावणे नव्हते आणि येणारही नाही. त्याच्या वतीने फक्त फौजदारी खटला उभा राहतो. म्हणून तो खटला देणेकऱ्यांच्या सहीने संपता कामा नये.

"एकवीस वर्षांनी तुरुंग, आमच्या काय कामाचा?"

इथे कोणीतरी उठून विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की न्याय मिळेपर्यंत आम्ही खायचे काय?

प्रश्न खरा आहे. २००२ साली होम ट्रेड या दलाल पेढीचे प्रकरण बाहेर आले. नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद या जिल्हा मध्यवर्ती बँकांनी सरकारी रोख्यांसाठी दिलेले पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. एकट्या नागपूर बँकेचा आकडा दीडशे कोटींच्या आसपास होता. हे पैसे कोणाचे? कापसाच्या चुकाऱ्यातून वाचवून ठेवलेले. पुढे या बँका डबघाईला आल्या. कारणे इतरही होती, पण पीककर्ज आटले आणि शेतकरी सावकाराच्या ओट्यावर गेला. नागपूरच्या न्यायालयाचा निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, तीन जण सुटले. केदारांनी वर दाद मागितली, जामीनही मिळाला. गुन्ह्यापासून पहिल्या निकालापर्यंत एकवीस वर्षे! २००२ साली जन्मलेले पोर मतदार झाले, तेव्हा निकाल लागला.

म्हणून "खटला की पैसे" असा प्रश्न टाकला की शेतकरी पैसे म्हणतो. पण हा प्रश्नच लबाड आहे. पैसे येतात ते खटल्याच्या धाकाने. २०२० साली नाशिक परिक्षेत्रात विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी द्राक्षे आणि इतर शेतमाल नेऊन पसार झालेल्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. गुन्हे नोंदले जाऊ लागले तसे वर्षानुवर्षे फोन न उचलणारे व्यापारी पैसे घेऊन हजर झाले. विनवण्यांनी जे झाले नाही ते बेड्यांच्या आवाजाने झाले. धाक आहे म्हणून तडजोड आहे. आणि पैसे टाकले की खटला मिटतोच असे एकदा कळले की धाकही संपला आणि पुढची तडजोडही संपली.

शिवाय पैसे मिळवायला गुन्हा माफ करावा लागतो, हेही खरे नाही. १९९९ च्या कायद्यात ठेवीदारांसाठी मालमत्ता जप्त करून, विकून सर्वांना वाटण्याची सोय आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ कलमात गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून जिल्हाधिकाऱ्यामार्फत बाधितांना प्रमाणशीर वाटण्याची तरतूद आहे. त्याला खटल्याच्या शेवटाची वाट पाहावी लागत नाही. ही कलमे वापरायला लावणे हे आपले काम आहे.

मोठ्यांना एक, लहानांना दुसरा

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टर्लिंग बायोटेक समूहाच्या संदेसरा बंधूंच्या प्रकरणात आदेश दिला. हे दोघे २०१७ साली देश सोडून गेलेले, न्यायालयाने फरार आर्थिक गुन्हेगार ठरवलेले. १७ डिसेंबरपर्यंत ५,१०० कोटी रुपये भरा, भरलेत की सगळे खटले रद्द. सार्वजनिक पैसा परत येतो आहे, मग खटले चालवून काय साधणार, असा त्यामागचा विचार. हा आदेश या प्रकरणापुरता, त्याची नजीर करू नये, असेही न्यायालयाने लिहून ठेवले.

न्यायालयाचा आदर राखून आम्ही एवढेच म्हणतो. नजीर कागदावर होत नसेल, बुडवणाऱ्यांच्या मनात मात्र होते. आणि रक्कम जितकी मोठी तितकी सवलत मोठी, असा समज पसरला तर लहान माणसाने कायद्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहायचे?

रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि फसवणुकीच्या खात्यांशीही तडजोड करायची मुभा बँकांना दिली. मात्र चालू फौजदारी कारवाईला बाधा येऊ नये, हेही लिहिले. हे दुसरे वाक्य आपण घट्ट धरून ठेवले पाहिजे. आणि इकडे बोंडअळीने कापूस गेला, ज्वारी काळी पडली म्हणून पीककर्ज थकलेला शेतकरी पाहा. त्याने कोणाला फसवले नाही, खोटा कागद केला नाही. त्याने एकरकमी तडजोडीने खाते मिटवले तर पुढच्या हंगामात बँकेच्या दारात त्याला काय ऐकावे लागते, ते तुम्हीच सांगा. बुडालेल्याच्या माथी तडजोडीचा डाग आणि बुडवणाऱ्याला तडजोडीची आंघोळ, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आमची भूमिका

आम्ही तडजोडीविरुद्ध नाही. दोन शेजाऱ्यांतला, दोन भागीदारांतला व्यवहार बिघडला, पैसे पूर्ण फिटले, तिसरा कोणी बुडाला नाही, तर खटला मिटावा. न्यायालयांवरचा भार तरी कमी होईल. पण जिथे अनेकांना एकाच फासात पकडले, जिथे बँक, पतसंस्था, बाजार किंवा गोदामाचा कागद खोटा केला, तिथे आमचे म्हणणे असे:

एक. पैसे परत करणे हे आरोपीचे कर्तव्य आहे, उपकार नाही. त्याने दिवाणी येणे फिटेल, गुन्हा फिटणार नाही.

दोन. पूर्ण रक्कम व्याजासह, सर्व बाधितांना, सारख्या प्रमाणात मिळाली असेल, तर शिक्षा ठरवताना न्यायालयाने ते जरूर धरावे. गुन्हा कबूल करून, भरपाई देऊन कमी शिक्षा घेण्याचा मार्ग सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी २००६ पासून कायद्यात आहे. त्या वाटेने जावे. शिक्षा कमी होऊ द्या, नोंद मात्र राहू द्या.

तीन. तडजोडीचा अर्ज आला की न्यायालयाने यादीतल्या प्रत्येक बाधिताला नोटीस द्यावी. फिर्यादीच्या एकट्या सहीवर अर्ज निकाली काढू नये.

चार. जप्त मालमत्तेची विक्री आणि वाटप खटल्याच्या निकालासाठी अडवून ठेवू नये.

पाच. शेतमालाच्या फसवणुकीत दोषी ठरलेल्या माणसाला, तो कोणत्याही नावाने आला तरी, बाजार समितीने परवाना देऊ नये.

घरी गेल्यावर करायचे काम

ठराव करून टाळ्या वाजवणे सोपे आहे. खरी परीक्षा रात्री दारावर टकटक होते तेव्हा आहे. म्हणून प्रत्येक गावाने एवढे करावे. कच्च्या चिठ्ठीवर कापूस देऊ नये. काटापट्टीवर पेढीचे नाव, वजन, भाव आणि तारीख घ्यावी. फसवणूक झाली तर एकाच्या फिर्यादीवर न थांबता प्रत्येकाचा जबाब आपापल्या रकमेसह नोंदवून घ्यावा, म्हणजे प्रत्येक जण कागदावर बाधित ठरतो. तडजोडीचा निरोप आला तर तो घरात न ठेवता चावडीवर आणावा. बोलणी दिवसा, सर्वांसमक्ष, न्यायालयात भरलेल्या रकमेवर. आणि ज्याच्या घरी लग्न आहे, दवाखाना आहे, त्याच्यावर सहीची पाळी येऊ नये म्हणून बाकीच्यांनी वर्गणी करून त्याला सावरावे. तो एकटा पडतो म्हणून फुटतो. एकटा पडू दिला हा आपला दोष आहे.

मायबहिणींना खास सांगणे. कापूस वेचला तुम्ही, त्याची रक्कमही तुम्हाला तोंडपाठ असते. तडजोडीच्या कागदावर घरातला कर्ता सही करण्याआधी तो कागद तुम्हाला वाचून दाखवला पाहिजे, असा आग्रह धरा. आमचा अनुभव आहे की जिथे बाई चौकटीत उभी राहून "बाकीच्यांचे काय?" असे विचारते, तिथला स्टँप पेपर परत जातो.

परत जाताना या गोदामांकडे पुन्हा एकदा पाहा. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. कागद सांगतो त्यावर विश्वास ठेवूनच सगळा व्यवहार चालतो. तो कागद खोटा करणाऱ्याने पैसे परत केले तर ते मोजून घ्या, पावती द्या. पण माफी देण्याचा अधिकार तुमच्या एकट्याचा नाही. तो पुढच्या हंगामात गाडी भरून निघणाऱ्या, आज आपल्याला माहीतही नसलेल्या शेतकऱ्याचा आहे. त्याला विचारल्याशिवाय सही करू नका.